निळ्या अक्षरांखालचा पत्ता

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी मी ऑनलाइन अर्जांचे केंद्र चालवतो. पुष्कळ शेतकऱ्यांचा स्वतःचा ईमेल नसल्यामुळे त्यांच्या अर्जांत केंद्राचाच पत्ता टाकलेला असतो, आणि त्यामुळे फसवे मेलही माझ्याकडेच येतात. परवा असाच एक मेल उघडला, तेव्हा सातबाऱ्यासाठी आलेले एक काका शेजारीच बसले होते. हप्ता अडकला आहे, ताबडतोब ई-केवायसी करा, असा मजकूर आणि खाली निळ्या अक्षरांत पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन. काका म्हणाले, "भाऊ, हे सरकारीच हाय ना?"

अक्षरे सरकारी होती, त्यांच्याखाली दडवलेला पत्ता मात्र दुसराच होता. मेल वाचण्याच्या थंडरबर्ड या प्रोग्रामने मेलच्या वर पट्टी दाखवून हा संदेश फसवा असू शकतो असे सांगितले. दिसणारा पत्ता आणि प्रत्यक्षात उघडणारा पत्ता वेगळा असेल, किंवा नावाऐवजी नुसते आकडे असतील, तर हा प्रोग्राम सावध करतो. परंतु ही तुलना व्हायला निळ्या अक्षरांत पत्ताच लिहिलेला असावा लागतो. तेथे "येथे क्लिक करा" एवढेच असेल तर ताडून पाहायला काही उरत नाही. पट्टी आली नाही म्हणजे मेल खरा, हा समज मला सर्वांत घातक वाटतो.

शिवाय खऱ्या मेलवरही इशारा येतो. किती जणांनी क्लिक केले हे मोजण्यासाठी एका बँकेच्या मेलमधील दुवे दुसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावरून फिरून जात, आणि प्रत्येक वेळी पट्टी दिसे. अशाने माणूस पट्टी वाचणेच सोडून देतो. बँकांनी आपले दुवे सरळ ठेवावेत, असे मला मनापासून वाटते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत शेवटी बँक डॉट इन असलेल्या पत्त्यांवर जाण्यास सांगितले, त्याने पत्ता ओळखणे सोपे झाले आहे.

मी काकांना पत्त्याचे टोक पाहायला शिकवले. एचटीटीपीएसपुढच्या दोन तिरप्या रेघा सोडल्या की पुढची पहिली तिरपी रेघ जिथे येते, तिच्या लगतचा अलीकडचा भाग खरा मालक सांगतो. सुरुवातीला सरकारी नाव असले तरी शेवट जीओव्ही डॉट इन नसेल, तर ते संकेतस्थळ सरकारचे म्हणून धरू नये. संगणकावर दुव्यावर माऊस नुसता नेला तरी हा पत्ता खाली दिसतो. मोबाईलवर दुवा दाबून धरावा लागतो, आणि तिथेच अडचण आली. कापूस वेचून राठ झालेल्या बोटाने काकांनी माझ्याच एका जुन्या, साध्या मेलवर सराव केला, तेव्हा दोनदा दुवा दाबून धरण्याऐवजी उघडलाच गेला. मग मी त्यांना सांगितले की, मोबाईलवर असे काही आले तर दुव्याला बोट लावू नका, मोबाईल तसाच घेऊन केंद्रावर या.