मर्केलबाईंचा जुना पेपर

१५ एप्रिल २०२०, बुधवार. सकाळी साडेसातला क्लस्टरवरचा, म्हणजे संस्थेच्या जोडसंगणकांवरचा, रन संपल्याची मेल आली, तेव्हा मी चहाचं आधण गॅसवर तसंच सोडून लॅपटॉपकडे धावले. आकडा परत हवा त्याच्या दहापट. दोन आठवडे हेच चाललं होतं. आधणाचं पाणी आटलं, पातेलं करपलं.

मी तेव्हा बर्लिनमध्ये पोस्टडॉक करत होते. आडलर्सहोफ हा शहराच्या आग्नेय टोकाचा भाग. पूर्व जर्मनीच्या काळी विज्ञान अकादमीच्या संस्था इथे होत्या, आता विद्यापीठाचे विज्ञान विभाग आणि शेकडो लहानमोठ्या कंपन्या आहेत. कोरोनामुळे मार्चच्या मध्यापासून सगळं बंद होतं. प्रयोगशाळेत हात काळे करणारे सहकारी हवालदिल झाले होते. माझं सगळं काम संगणकावरचं, त्यामुळे ते घरबसल्या चालायला हवं होतं. चालत नव्हतं एवढंच.

काम काय, ते थोडक्यात सांगते. मिथिल नावाचा एक छोटा तुकडा असतो, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. ज्वलनात तो सतत तयार होतो आणि मोडतो. तापवल्यावर त्यातला एक हायड्रोजन किती वेगाने तुटून बाहेर पडेल, हे मला नुसत्या गणिताने काढायचं होतं. बऱ्याच रासायनिक क्रिया खिंड ओलांडण्यासारख्या असतात. अलीकडे दरी, पलीकडे दरी, मध्ये खिंड. खिंडीत उभं राहायचं आणि किती जण पलीकडे उतरतात ते मोजायचं. पण एकच बंध सरळ तुटतो तेव्हा खिंडच नसते. कोकणातून घाट चढून देशावर यावं तसं ते असतं. चढ, चढ आणि मग सपाटी. आता मोजणीचा नाका कुठे टाकायचा? जिथून सगळ्यात कमी वाहतूक पार होते तिथे. ती जागा शोधणं हीच खरी डोकेदुखी, कारण तापमान बदललं की नाकाही सरकतो.

दहाला व्हिडिओवर गटाची बैठक झाली. आमच्यात एक निवृत्त आजोबा होते, अकादमीच्या जमान्यातले. १९९१ च्या अखेरीस अकादमीच्या संस्था गुंडाळल्या गेल्या, तेव्हा यांचीही नोकरी गेली. पुढची बरीच वर्षं तात्पुरत्या कंत्राटांवर काढली. बोलायचे कमी. त्या दिवशी माझा आलेख बघून म्हणाले, "मिथिलवर १९८७ चा एक पेपर आहे, ‘मॉलिक्युलर फिजिक्स’मध्ये. इथलाच आहे. वाचून बघा." आणि माइक बंद केला.

पेपर सापडला. शीर्षक लांबलचक. बंध तुटण्याच्या एका सांख्यिकी सिद्धांतात एक आकडा लागतो, तो सहसा प्रयोगाशी जुळवून घेतात. इथे तो पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) गणितातून काढायचा प्रयत्न होता. उदाहरण मिथिलचंच. लेखक दोन: ए. मर्केल आणि एल. त्स्युलिके.

मर्केल हे आडनाव जर्मनीत अगदीच दुर्मीळ नाही, म्हणून मी पुढे स्क्रोल केलं. मग हात थांबला. पूर्व जर्मनीची अकादमी, भौतिक रसायनशास्त्राची मध्यवर्ती संस्था, आडलर्सहोफ, १९८७. म्हणजे त्याच.

अँगेला मर्केल भौतिकशास्त्रज्ञ आहेत हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मलाही होतं, जसं आपल्याला एखाद्या मंत्र्याची वकिलीची पदवी माहीत असते. पण देशाच्या चॅन्सेलरचा, म्हणजे सरकारच्या प्रमुखाचा, पेपर आपली चूक शोधण्यासाठी उघडावा लागेल, हे काही डोक्यात नव्हतं. मी आजोबांना लगेच मेल टाकली: तुम्ही त्यांना ओळखत होता? उत्तर आलं: "मी दुसऱ्या संस्थेत होतो. कँटीनमध्ये पाहिलंही असेल. आठवत नाही."

दुपारी काम बाजूला ठेवून मी त्यांचीच माहिती वाचत बसले, हे कबूल करते. जन्म १९५४ चा, हँबुर्गचा. वडील पाद्री, मुलगी तान्ही असतानाच कुटुंब पूर्वेकडे गेलेलं. लहानपण टेम्प्लिनला. लाइपझिगला भौतिकशास्त्र, १९७८ मध्ये आडलर्सहोफला नोकरी, १९८६ मध्ये डॉक्टरेट. विषय: साध्या बंधभंगाच्या विघटनक्रियांची यंत्रणा आणि त्यांचे वेगस्थिरांक. माझाच विषय, चौतीस वर्षं आधीचा. डॉक्टरेटसाठी मार्क्सवाद-लेनिनवादावर निबंधही द्यावा लागे. त्यात बाई जेमतेम पास झाल्या होत्या. प्रबंधाचं हस्तलिखित बारकाईने तपासून दिलं म्हणून त्यांनी योआखिम झाउअर यांचे आभार मानले आहेत. ते पुंजरसायनातले मोठे नाव, पुढे त्यांचे यजमान झाले.

बर्लिनची भिंत पडली ती ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री. गुरुवार होता, आणि दर गुरुवारच्या शिरस्त्याप्रमाणे बाई सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, गेल्या होत्या. नंतर गर्दीबरोबर पश्चिम बर्लिनमध्ये गेल्या खऱ्या, पण सकाळी लवकर कामावर जायचं म्हणून वेळेत परतल्या. हे वाचून मला हसू आलं. आमच्या गटातलं कुणीही असंच वागलं असतं. त्यानंतर ‘डेमोक्राटिशर आउफब्रुख’ या नव्या छोट्या पक्षाच्या कार्यालयात त्यांनी आधी केलं काय, तर पश्चिमेकडून आलेले संगणक खोक्यांतून काढून जोडून दिले. १९९० च्या एप्रिलमध्ये पूर्व जर्मनीच्या शेवटच्या सरकारच्या उपप्रवक्त्या, डिसेंबरमध्ये खासदार, जानेवारी १९९१ मध्ये मंत्री. दीड वर्षाच्या आत सगळं! नोव्हेंबर २००५ मध्ये चॅन्सेलर, आणि पुढे सोळा वर्षं.

वैज्ञानिक नेता म्हटलं की आपल्याकडे लगेच हार घातला जातो. मला तसं करता येत नाही. २०१० च्या शरदात याच बाईंनी अणुवीज प्रकल्पांचं आयुष्य वाढवलं. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं, काही दिवसांत जुन्या अणुभट्ट्या थांबवल्या, आणि जूनमध्ये संसदेने २०२२ पर्यंत सगळ्याच बंद करायचं ठरवलं. त्या तीन महिन्यांत अणुभट्टीचं भौतिकशास्त्र तर बदललं नव्हतं. जपानसारख्या प्रगत देशातही हे होऊ शकतं, म्हणून मी धोक्याचा अंदाज बदलला, असं त्यांचं म्हणणं. पटण्यासारखं आहे. पण कोळसा जळतच राहिला आणि रशियाच्या गॅसवरची मदार वाढली, तेही त्याच हिशेबात धरायला हवं होतं. निर्णय लांबवत बसणे या अर्थाने त्यांच्या आडनावाचं ‘मेर्केल्न’ असं क्रियापदच तरुण मंडळींनी करून टाकलं होतं.

चारच्या सुमाराला परत पेपरकडे वळले आणि माझी चूक दिसली. हायड्रोजन दूर जाताना उरलेला तुकडा आधी नुसता डुलतो, मग हळूहळू मोकळा फिरू लागतो. डुलण्यातून फिरण्यात हा बदल किती झपाट्याने होतो, त्याचाच तो आकडा. मी माझ्या स्क्रिप्टमध्ये तुकडा फारच लवकर मोकळा सोडला होता. मोकळं फिरायला मिळालं की वाटा वाढतात, वाटा वाढल्या की वेग फुगतो. एक ओळ बदलली, जॉब रांगेत टाकला.

संध्याकाळी मर्केलबाई राज्यांच्या मुख्यमंत्र्यांबरोबरची बैठक आटोपून पत्रकारांसमोर आल्या. आठशे चौरस मीटरपर्यंतची दुकानं उघडणार, शाळा ४ मेपासून टप्प्याटप्प्याने, वगैरे. मग कुणाच्या तरी प्रश्नावर त्या संसर्गाच्या पुनरुत्पादन दराबद्दल बोलू लागल्या, कागदाकडे न बघता. आत्ता साधारण एक आहे, म्हणजे एक जण एकाला लागण करतो. १.१ झाला तर ऑक्टोबरमध्ये आपली रुग्णालयं मर्यादेला पोचतील. १.२ झाला, म्हणजे पाचांतल्या एकाने दोघांना दिला, तर जुलैमध्येच. १.३ झाला तर जूनमध्ये.

बाकीच्यांना त्यात काय दिसलं असेल ते असो, मला दिवसभराचा माझा ताप दिसला. मिथिलमधला तो बंध तोडायला मोलमागे साडेचारशे किलोज्यूलच्या वर ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला त्यात नुसती पावणेसहाची चूक झाली, म्हणजे सव्वा टक्का, की वेग दहापट चुकतो. घातांकात बसलेला छोटा आकडा कसा नाचवतो, हे बाई बारा वर्षं याच गावात बसून बघत होत्या. तो भाग त्यांना कुणी टिपण काढून दिला नसावा, असं मला वाटलं.

आठला आईचा फोन. पुण्यात रात्रीचे साडेअकरा झालेले, पण झोप कुणाला होती! आदल्याच दिवशी भारतातलं लॉकडाउन ३ मेपर्यंत वाढलं होतं.

"तुमच्या बाई काय म्हणतायत गं?"

मी सांगितलं. १.१, १.२, १.३, सगळं. आई पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं कॅशियर होती. क्षणभर गप्प राहिली.

"मग बरोबर बोलली की ती. चक्रवाढच ना हे? अर्ध्या टक्क्याने काय होतंय म्हणून सह्या करणारे पुढे कसे रडत यायचे, ते मला विचार. बँकेत होती का ती?"

"नाही गं आई. माझ्यासारखंच काम करायची. इथेच."

"तुझ्यासारखं? म्हणजे तिचंही उत्तर दहापट चुकायचं?"

झोपायच्या आधी क्लस्टर बघितला. जॉब अजून रांगेतच होता, पुढे एकेचाळीस जण. सकाळी निकाल आला. दहापटीची चूक तिपटीवर आली होती. आजोबांना कळवलं, तर त्यांचं एका ओळीचं उत्तर: "तीनपट म्हणजे अजून चूकच."