जुन्या मोटारींचा पेट्रोलचा काटा

फोर्डची मॉडेल टी १९०८ ला आली, १९२७ पर्यंत दीड कोटींच्या आसपास गाड्या बनल्या, पण कंपनीकडून डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा काही मिळायचा नाही. बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या सीटखाली. म्हणजे खाली उतरा, गादी उचला, झाकण फिरवून काढा, खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवा आणि ओल उडून जायच्या आत आकडा वाचा. पेट्रोल ओढणारा पंपही नव्हता, ते आपसूक उतरून कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाला जायचं, त्यामुळे टाकीत कमी असताना उभा चढ आला की इंजिन बंद, मग लोक चक्क रिव्हर्स टाकून चढायचे!

फोर्डच्याच पुढच्या मॉडेल ए मध्ये टाकीच डॅशबोर्डच्या मागे, अगदी चिकटून बसवली, तरंगत्या फ्लोटने थेट आकडा फिरायचा, विषय संपला. खरी पंचाईत झाली ती टाकी गाडीच्या मागे गेल्यावर, कारण पातळी मोजणं सोपंच आहे हो, ती तिथून ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर आणायची कशी? १९३२ च्या फोर्डमध्ये टाकी मागे गेली तेव्हा एक बारीक नळी वापरली, टाकीतल्या पेट्रोलच्या दाबाने नळीतली हवा दाबली जायची आणि डॅशबोर्डवरच्या काचेत लाल द्रव वर चढायचा. सुंदर कल्पना, पण जोडात जरा जरी हवा लीक झाली की भरलेली टाकी रिकामी दिसणार.

मला सगळ्यात आवडतो तो दोन कॉईलवाला इलेक्ट्रिक काटा. बॅटरीचा व्होल्टेज कधी कमी कधी जास्त, मग काटा नाचणार ना? तर काट्याच्या दोन बाजूंना दोन कॉईल (तारेच्या गुंडाळ्या, करंट गेला की चुंबक होणाऱ्या) लावल्या, दोन्हींना करंट त्याच बॅटरीचा, व्होल्टेज पडला तर दोन्हींची ओढ सारखीच कमी होते आणि काटा जागच्या जागी राहतो. त्याला हलवतो तो फक्त टाकीतला फ्लोट, रेझिस्टन्स बदलून. केवढं डोकं लावलंय! यात सेंडरची, म्हणजे टाकीतल्या त्या फ्लोट-रेझिस्टन्सच्या भागाची वायर तुटली तर काटा फुलच्या पार जातो आणि बॉडीला टेकली तर एम्प्टीवर पडतो, म्हणून टाकी उतरवायच्या आधी वायर बघा, निम्मं काम तिथेच होतं.

आणि फ्लोट. जुने फ्लोट बुचाचे, वरून चपडा लाखेचा हात दिलेला. लाख सुटली की बूच पेट्रोल पितं, जड होतं, खाली बसतं आणि काटा कमी दाखवायला लागतो. आता आपल्याकडे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, आणि फर्निचर पॉलिशवाले चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात हे सगळ्यांना माहीत आहे, इथेनॉल म्हणजे तेच अल्कोहोल, तेव्हा जुनी गाडी कुणाकडे असेल तर बुचाच्या फ्लोटला परत लाख मारण्यात पैसे घालवू नका. पितळी फ्लोट टाका. त्याला बारीक भोक पडलंच तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे भोक, मग आतलं पेट्रोल पूर्ण काढून, नीट वाळवून मगच डाग द्या (सोल्डर करा), पेट्रोलचा वाससुद्धा राहिला असेल तर आच जवळ नेऊ नका.