पेटीतली फौजी पत्रं: उलगडायची कशी, वाचायची कशी

खान्देशातल्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, सातबारा आणि सावकाराच्या पावत्यांच्या खाली कधीकधी फौजेतून आलेल्या पत्रांची जुडी सापडते. पणजोबा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते किंवा आजोबा इटलीत होते, एवढंच घरात माहीत असतं. जुडी हाती आली की कुणालाही ती तिथेच उलगडून वाचावीशी वाटते. पण सगळ्यात जास्त नुकसान त्याच वेळी होतं.

अशी पत्रं मे महिन्यात उघडू नयेत. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, हवेत ओलावा नावालाही नसतो आणि कागद पापडासारखा कडक होतो. दुसऱ्या महायुद्धातला कागद मुळात हलक्या लगद्याचा. त्यातलं आम्ल इतकी वर्षं धागे खात आलेलं असतं. अशा कागदाचा तुकडा घडीवरच पडतो आणि घडीवर आलेली ओळ त्याच्याबरोबर जाते. त्यापेक्षा पावसाळ्यात, उघडीप असलेल्या दिवशी, खोलीतला ओलावा ५५ ते ६५ टक्के असताना काम सुरू करावं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते घ्याच. ७० च्या वर आकडा गेला की बुरशीची भीती, त्यामुळे संततधारेच्या दिवसांत पेटी बंदच बरी.

जुडी टेबलावर पांढऱ्या कागदावर एक दिवस नुसती ठेवा. सुतळीची गाठ सोडत बसू नका, कात्रीने कापा. गाठ ओढताना कडा फाटतात. पत्रं वेगळी करण्याआधी वरून, खालून, बाजूने फोटो काढा, कारण ज्या क्रमाने ती बांधली होती तो क्रमही एक पुरावा आहे. गंजलेली टाचणी खेचू नये. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा आणि मग टाचणी हळूच बाहेर काढा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कापडी हातमोज्यांत बोटांना अंदाज येत नाही, ते नकोत. घडी अडली तर जोर करू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

एक धोका मात्र डोळ्याला दिसत नाही. आघाडीवर शाई-दौत सांभाळणं कठीण, म्हणून पुष्कळ शिपाई कॉपिंग पेन्सिल वापरत. तिचं लिखाण कोरडं असताना साध्या शिसपेन्सिलीसारखं करडं दिसतं, पण तिच्यात जांभळा रंग मिसळलेला असतो. पाण्याचा थेंब, ओलं बोट, कपाळावरचा घाम, काहीही लागलं की तिथे गडद जांभळा डाग फुटतो आणि अक्षर पसरतं. तो डाग पुन्हा निघत नाही. कागद मऊ करायला वाफ देणं, ओलं फडकं ठेवणं, इस्त्री फिरवणं हे सगळं म्हणूनच वर्ज्य.

लॅमिनेशन करून घेऊ नका. झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटांत होणारं ते काम पुन्हा उलटवता येत नाही. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक सोडवताना कागदच जातो. चिकटपट्टीचंही तेच. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. आधीच कुणी लावली असेल तर ओढू नका, कागद-संवर्धन जाणणाऱ्या माणसाकडे न्या. घरी ठेवायला आम्लविरहित कागदाचं पाकीट सगळ्यात चांगलं. ते मिळालं नाही तर सुती चिंध्यांचा, रंग न घातलेला हातकागद चालतो. पीव्हीसीची पारदर्शक फाइल चालत नाही, शाई तिला चिकटते. डांबरगोळ्या पत्रांना लागून ठेवू नयेत. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून नको. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतूनच येते.

फोटोपेक्षा स्कॅन बरं. ६०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू, आणि पाकिटाच्याही दोन्ही बाजू. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, वाचायला जेपेग करा. अक्षर पुसट असेल तर फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांच्या वाहिन्या वेगवेगळ्या करून पाहा. जांभळी पेन्सिल हिरव्या वाहिनीत ठसठशीत येते आणि तपकिरी पडलेली जुनी शाई निळ्या वाहिनीत. कागदाचे पिवळे डाग लाल वाहिनीत बरेचसे नाहीसे होतात.

आता वाचन. ते पाकिटापासून सुरू करावं. घरोघरी तिकिटं काढून घेऊन पाकिटं फेकलेली दिसतात, याचं फार वाईट वाटतं, कारण शिपायाला पत्रात ठिकाण लिहायची मनाई होती. तो कुठे होता हे सांगणारा पुरावा बहुधा पाकिटावरच असायचा. गोल शिक्क्यात ‘एफपीओ’ आणि एक आकडा असतो. हे फील्ड पोस्ट ऑफिस. ते तुकडीबरोबर हलायचं, म्हणून आकडा आणि तारीख दोन्ही जुळवूनच ठिकाण काढावं लागतं. टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याच्या याद्या केलेल्या आहेत. तिकिटावर ‘आय. ई. एफ.’ (इंडियन एक्सपिडिशनरी फोर्स) ही अक्षरं छापलेली असतील तर पत्र पहिल्या महायुद्धातलं. मागच्या बाजूला अमळनेर, धुळे, चाळीसगाव असा पोचल्याचा शिक्का मिळाला तर पत्राला किती दिवस लागले तेही निघतं.

पत्त्यातल्या जिल्ह्यानेही काळ कळतो. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. म्हणून ‘पूर्व खानदेश’ म्हणजे आजचं जळगाव, ‘पश्चिम खानदेश’ म्हणजे धुळे आणि नंदुरबार. पलटणीचा नंबरही असाच बोलतो. १०३, १०५, ११०, ११६, ११७ असे तीन आकडी मराठा पलटणींचे नंबर १९२२ च्या फेररचनेआधीचे. नंतर त्यांच्याच १/५ (म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली), २/५, ३/५, ४/५, ५/५ अशा बटालियन झाल्या. १११ महार ही पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली, तर महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची. १०३, ११० किंवा ११७ नंबर असेल आणि १९१५ च्या डिसेंबरनंतर पत्रं अचानक थांबली असतील, तर मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्याचा विचार करावा. तिथलं सैन्य २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं.

पत्रात मिती असेल तर इंग्रजी साल काढायला शकात ७८ मिळवा, आणि जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंतच्या मितीला ७९. ‘वैशाख शुद्ध ३ शके १८६५’ म्हणजे मे १९४३ ची आखाजी (अक्षय्य तृतीया). नंदुरबार-शहादा भागात व्यापारी माणसाने लिहून दिलेल्या पत्रात विक्रम संवत येऊ शकतो. तिथे कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून ५६. काहीच मिती नसेल तर शेतीवरून अंदाज करा: कापसाची वेचणी चालू आहे का, पोळा झाला का, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट झाले का.

पत्र मोडीत असेल तर घाबरू नका. आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं सलग लिहिलेली असतात, शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. पण सुरुवात-शेवट ठरलेला असतो, आणि तीच किल्ली. ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘इकडील सर्व क्षेम’, ‘लोभ असावा ही विनंती’ ही वाक्यं शोधा, त्यांतून त्या हाताची वळणं लागतात, आणि मग मधला मजकूर सुटत जातो. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. मोडी कागद वाचायची परंपराच तिथे आहे. उतरवून घेताना ओळीला ओळ ठेवा, शुद्धलेखन सुधारू नका, लागलं नाही तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका. पत्राची भाषा बहुधा शाळेतली मराठी असते, पण मायेचा विषय आला की मधूनच ‘तुले’, ‘माले’, ‘याद येस’ अशी अहिराणी डोकावते. ती पुसून प्रमाण मराठी केलीत तर पत्रातला नेमका जिव्हाळाच गेला.

आणि त्या जिव्हाळ्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ‘यात प्रेमाबिमाचं काही नाही, नुसती शेतीची चौकशी आहे’ असं म्हणून जुड्या बाजूला टाकल्या जातात. ते पत्र किती जणांच्या हातून जायचं ते आधी पाहा. तुकडीतला अधिकारी पत्र वाचायचा, पुढे सेन्सॉर वाचायचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांसाठी वेगळी सेन्सॉर कचेरीच होती. गावात पोस्टमन किंवा मास्तर ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि सासू-सासरे, दीर-जावा समोर बसलेल्या असायच्या. नवऱ्याने बायकोचं नाव घेणंच जिथे रीतीत बसत नव्हतं, तिथे पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावानेच जाणार. म्हणून तिच्यासाठी लिहिलेलं आडून असतं. ‘मुलाच्या आईस सांगणे’, ‘घरात प्रकृतीस जपावे’, ‘उन्हात वेचणीस धाडू नये’, ‘आखाजीस माहेरी पाठवावे’, अशी वाक्यं भेटली की थांबा, कारण सासऱ्याच्या नावाने आलेल्या पत्रात सुनेला माहेरी पाठवायची आठवण करून देणं ही त्या काळी धिटाईची गोष्ट होती. एकाच जुडीत अशी वाक्यं कुठे वाढतात, कुठे बंद होतात, ते तारखेनिशी मांडून पाहा. बाळंतपण, आजार, रुसवा सगळं त्यातून दिसायला लागतं.

आडून बोलायची सवय लढाईच्या बातमीलाही होती. पहिल्या महायुद्धातल्या पत्रांत काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, असा संकेत सेन्सॉरने पकडल्याची नोंद आहे. त्यामुळे मालाच्या, पिकाच्या, पाहुण्यांच्या गोष्टी तिथे विचित्र वाटल्या तर त्या दोनदा वाचा. शाईने खोडलेली किंवा कात्रीने कापलेली ओळ मात्र खरवडू नका. अंधाऱ्या खोलीत बाजूने तिरपा उजेड टाकून मागच्या बाजूचा दाब पाहा, तेवढं पुरे.

जुडीत बहुतेक वेळा शिपायाचीच पत्रं असतात, त्याच्या बायकोची नसतात. शिपायाच्या पाठीवरच्या सामानात कागदांना जागा नव्हती, आणि पावसाचिखलात ते टिकत नव्हते. तिचं म्हणणं त्याच्या उत्तरांतून काढावं लागतं. वहीत दोन रकाने करा. डावीकडे त्याचं वाक्य, उजवीकडे ते ज्या प्रश्नाचं उत्तर वाटतं तो प्रश्न. ‘तुम्ही लिहिले ते समजले’, ‘बैलाबद्दल कळविलेत’, ‘फोटो धाडण्यास सांगितले’ हे सगळे तिच्या पत्राचे अवशेष आहेत. पत्रं वाटेत एकमेकांना चुकवायची, त्यामुळे उत्तर लगेचच्याच पत्राचं असेल असं धरू नका. पत्रावर नंबर घातलेला असेल तर तो वापरा. तिचं पत्र दुसऱ्याने लिहून दिलेलं असायचं हेही ध्यानात ठेवा. मास्तर बदलला की तिची ‘भाषा’ बदलते आणि नवराही कधी ते ओळखून विचारतो.

मनीऑर्डरचे कागद जुडीतून वेगळे काढून टाकू नका. फॉर्मच्या कुपनावर दोन ओळी लिहायची जागा असे, आणि ज्याला पत्र लिहिणं जमायचं नाही तो तिथेच सगळं सांगायचा. पैसे मिळाल्याची पोच सही किंवा अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जायची. शिपाई घरी येताना ती पोच घेऊन आला असेल तर त्या निळसर अंगठ्याचं स्कॅन १२०० डीपीआयवर करा. कित्येक घरांत त्या बाईच्या हातची एवढीच खूण उरलेली आहे, आणि ती त्याने परदेशात सांभाळली होती.

माणसाचा पुढचा शोध घ्यायचा तर नाव सगळ्यात शेवटी कामाला येतं. आधी हवा लष्करी नंबर, मग हुद्दा, मग पलटण. हे तिन्ही बहुधा पाकिटाच्या मागे किंवा पत्राच्या शेवटी असतात. परत न आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. नाव इंग्रजीत कारकुनाने ऐकून लिहिलेलं असल्याने पाटीलचं ‘पतील’, भिकाचं ‘बिका’ झालेलं असू शकतं, तेव्हा वेगवेगळी स्पेलिंग टाकून पाहा आणि गावाच्या नावावरूनही शोधा. परत आलेल्यांच्या नोंदींसाठी मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. अर्ज कसा करायचा हे धुळे किंवा जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अर्जासोबत मूळ पत्र कधीही जोडू नका. छापील स्कॅन जोडा आणि नंबर जिथे दिसतो तिथे पेन्सिलीने गोल करा.

पत्रं इतरांना दाखवायची असतील तर आधी घरातल्या बायकांना वाचून दाखवा. काही ओळी त्यांना बाहेर जायला नको असतील तर त्या झाकूनच द्याव्यात.