स्फोट कुठाय?

सांगलीत ट्यूबच्या टीव्हीला हात घालणारे मेकॅनिक आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यामुळे गावभागातून फोन आला तेव्हा वाटलं, कुणाचा तरी जुना सेट असेल. पण पलीकडचे काका म्हणाले, "टीव्ही नव्हं रे, गेमची पेटी हाय. स्टँडच्या मागं माझं पार्लर होतं बघ, त्यातली."

हातातलं काम तसंच ठेवून मी निघालो. त्या पार्लरमध्ये माझं शाळकरी वय गेलंय. माधवनगरहून सायकल मारत यायचं, एक रुपयाचं टोकन घ्यायचं आणि ते मुठीत धरून आधी खूप वेळ दुसऱ्यांचा खेळ बघायचा. टोकन एकच असायचं, त्यामुळे ते टाकण्याआधी सगळं शिकून घ्यावं लागे.

पेटी माडीवर होती. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी घरात गुडघाभर आलं तेव्हा ती खालच्या सोप्यात होती. नंतर काकांनी माणसं लावून ती वर चढवली, म्हणूनच २०१९ च्या महापुरातून वाचली. तळाचं प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले होते आणि गाळाची रेघ अजून दिसत होती. या पेट्यांत ट्रान्सफॉर्मर तळाशी असतो, खेळ ज्यात असतो तो सर्किटचा बोर्ड मात्र वर, बाजूच्या फळीला उभा. पाणी ट्रान्सफॉर्मरपर्यंत आलं, बोर्डापर्यंत नाही. मागची फळी काढल्यावर पहिल्यांदा तेच बघितलं आणि जीव भांड्यात पडला.

खेळ गॅलगा: खाली आपलं विमान, वरून उतरणाऱ्या शत्रूंना गोळ्या मारायच्या. जपानच्या नामको कंपनीनं १९८१ साली काढलेला, त्यांच्याच १९७९ च्या गॅलॅक्सियनची पुढची पायरी. काकांचा बोर्ड अस्सल नव्हता, नक्कल होती. नामकोच्या बोर्डावर तीन झेड-८० प्रोसेसर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मुख्य चिपा, असतात, इथं चार होते. नामकोनं स्वतःपुरत्या बनवून घेतलेल्या खास चिपा नक्कल करणाऱ्याला कुठून मिळणार? त्यानं त्यांचं काम चौथ्या झेड-८० कडून करून घेतलं होतं. कुणी केलं, कुठं केलं, देव जाणे, पण तो माणूस कामाचा पक्का होता. मी बराच वेळ नुसतं त्याचं काम बघत बसलो.

खेळाचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या ईप्रॉम चिपांना वर काचेची खिडकी असते. अतिनील किरणांनी आतला मजकूर पुसता यावा म्हणून ती ठेवलेली असते. म्हणूनच खिडकीवर कागद चिकटवतात. इथं दोन-तीन चिपांवरचे कागद गळून पडले होते. अशी उघडी चिप थेट उन्हात राहिली तर आठवड्याभरात कोरी होते, ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षांत. ही सगळी वर्षं पेटी बंद होती, आत अंधार होता, म्हणून खेळ शाबूत राहिला. मी खिडक्यांवर काळी पट्टी लावली, चिपा एकेक काढून काळवंडलेले पाय खोडरबरानं घासले आणि पुन्हा सॉकेटमध्ये दाबल्या. जुना पॉवर सप्लाय काढून एसएमपीएस, म्हणजे हल्लीच्या पद्धतीचा सप्लाय, बसवला.

मॉनिटर म्हणजे माझं रोजचंच खातं: साधी कलर ट्यूब, फक्त आडवी न बसवता उभी केलेली, कारण शत्रू वरून खाली यायचे. फिल्टर कंडेन्सर फुगलेला, दोन ठिकाणी ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाक. ते केलं आणि सिरीज बल्बमधून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, सप्लाय दिला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग थेट सप्लाय दिला आणि बोर्डाच्या कनेक्टरवर पाच व्होल्ट मोजून घेतले.

पडद्यावर आधी अक्षरांचा नुसता चिखल आला. मग बोर्डानं स्वतःच केलेली तपासणी: रॅम ओके. रॉम ओके. मग पांढऱ्या रेघांची जाळी. आणि मग ते तारे, लाल-निळे-पिवळे, वरून खाली वाहणारे. "काका!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

काकांची नात पुढं आली, सातवी-आठवीतली. तिनं बटण धरून सपासप मारायला सुरुवात केली आणि पहिलं विमान लगेच गेलं. मी तिला सांगितलं, "बाळ, या खेळात तुझ्या दोनच गोळ्या एका वेळी पडद्यावर असतात. त्या लागल्या किंवा वर निघून गेल्या की मगच पुढची सुटते. नेम चुकला की तेवढा वेळ तू रिकामी." तिनं मान हलवली आणि पुढच्या विमानाला बटण मोजून दाबायला लागली. मला या खेळाबद्दल सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. गोळ्या अमाप मिळाल्या असत्या तर आम्ही मुलं नुसती बटणं बडवत राहिलो असतो, खेळाकडे बघितलंच नसतं.

थोड्या वेळानं वरच्या रांगेतला बॉस खाली आला, त्यानं निळा झोत सोडला आणि तिचं विमान ओढून नेलं. पोरगी किंचाळली. मी म्हटलं, "रडू नको, हे चांगलं झालं. तो आता हल्ला करायला खाली येईल तेव्हा त्यालाच मार. दोन गोळ्या लागतात. फक्त मागचं आपलं विमान वाचव." तिनं मारलं, विमान फिरत खाली आलं आणि तिच्या शेजारी जोडलं गेलं. दोन विमानं, दुप्पट मारा, पण अंगही दुप्पट रुंद. हा सौदा ज्यानं सुचवला त्याला माझा दंडवत. पार्लरमध्ये आम्ही मुद्दाम विमान पकडू द्यायचो आणि मागं उभी असलेली नवी पोरं हळहळायची.

हे सगळं चाललं असताना काका पेटीकडं पाठ करून खुर्चीत बसले होते. भडंगाची ताटली मांडीवर, डोळे मिटलेले. एकदम म्हणाले, "स्फोट कुठाय?"

मी कान दिला. सूर येत होता, गोळीचा आवाज येत होता, विमान पकडल्याची धून येत होती. पण विमान फुटल्यावर जो घरघरता धमाका व्हायला हवा, तो नव्हता.

काकांनी मग सांगितलं, आणि मला त्या पार्लरची माहीत नसलेली बाजू कळली. गल्ल्याचं टेबल दाराशी होतं, पेट्या मागं. वळून बघायची सोय नसे. ते आवाजावरून हिशोब ठेवायचे. एकावर एक तीन स्फोट झाले की पोरगं टोकनाला येणार, सुटे काढून ठेवायचे. तिसऱ्या टप्प्याला चॅलेंजिंग स्टेजची, म्हणजे शत्रू नुसते उडत जातात त्या बोनस फेरीची, धून वाजली की समजायचं, खेळणारा कच्चा नाही. आणि त्या फेरीतले चाळीसच्या चाळीस शत्रू मारून दहा हजारांचा बोनस मिळाल्याचा आवाज आला की मात्र काका उठून बघायला जायचे. "मी एकदाबी खेळलो न्हाई," ते म्हणाले, "पण खेळ सगळा पाठ हाय."

त्यांचं निदान अचूक होतं. गॅलगात सुरांचा आणि स्फोटाचा मार्ग वेगळा असतो. सूर तीन आवाजांच्या सर्किटमधून येतात, स्फोटाची खरखर दुसरीकडे तयार होऊन आपल्या फिल्टरमधून अँप्लिफायरला मिळते. त्या वाटेवरचा एक छोटा कंडेन्सर सुकला होता. मी तो बदलला, नातीनं मुद्दाम विमान मरू दिलं.

"अजून बारीक येतोय," काका म्हणाले. शेजारचाही बदलला. पुन्हा विमान फुटलं. काका काही बोलले नाहीत, फक्त हात वर केला. मग पोरगीनं ते पुन्हा पुन्हा फोडलं आणि आजोबा हसत राहिले. इतकी वर्षं दुरुस्तीचं काम करतोय, पण माझं काम कुणी असं कानानं तपासून घेतलेलं मला आठवत नाही.

निघताना त्यांनी ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोर्ड काढले. बघतो तर ८०८० प्रोसेसर. स्पेस इनव्हेडर्स! रांगांनी खाली सरकणारे शत्रू मारायचा, जपानच्या टायटो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादोंनी १९७८ साली केलेला खेळ, ज्यासाठी त्यांनी हार्डवेअरही स्वतःच जुळवलं. काका म्हणाले, "शेवटचा एक उरला की लई पळायचा तो, आठवतंय?"

आठवतंय तर! आणि आता कारणही माहीत आहे. पंचावन्न शत्रू, पण प्रोसेसर पडद्यावरच्या दर चित्राला एकालाच हलवतो, सेकंदाला साठ चित्रं. सगळे जिवंत असताना प्रत्येकाची पाळी जवळजवळ सेकंदानं येते. एकच उरला की दर चित्राला त्याचीच पाळी. हा वेग बहुतेक आपोआपच येतो, मारलेल्या शत्रूंनी मोकळा केलेला वेळ तो शेवटचा वापरतो. काकांना मी हे कागदावर काढून दाखवलं आणि त्यांनी ते नातीला पुन्हा समजावलं, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत.

बोर्ड मी दुकानात आणलेत. ८०८० ला पाच, बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात, आणि हल्लीच्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये उणे पाच सहसा मिळत नाही. उणे बारावरून रेग्युलेटर लावून तो काढायचा आहे. काकांचा रोज फोन येतो.