ऊन कुठल्या बाजूला येतं?

आषाढात माझ्याशी महत्त्वाचं काही बोलू नये, हे घरात आता सगळ्यांना ठाऊक झालंय. पावसाशी माझं भांडण नाही. सिंहगडावरचं धुकं, कांदाभजी, सगळं मान्य. पण सकाळी दहा वाजता स्वयंपाकघरात दिवा लावून कणीक मळायची वेळ आली की माझं बिनसतं. सूर्य आठवडाभर दिसला नाही, तर विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मी 'बघू' म्हणते आणि बघत काहीच नाही.

हे नुसते लाड नाहीत, असं मी नवऱ्याला पटवून दिलंय. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाहीच. उजेड किती आहे ते जोखायचं आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवायचं, एवढी त्यांची नोकरी. त्यांचा पत्ता लागला तो 2002 च्या सुमारास. उजेड मोजतात लक्समध्ये; घरात ट्यूबलाइटखाली तो फार तर 300-400 लक्स असतो, मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर 1 लाखाच्या आसपास, आणि ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार. म्हणून जुलैत मी सकाळचा चहा छत्री घेऊन गच्चीवर पिते. शेजारच्यांनी आता विचारणं सोडलंय.

उजेड कमी झाल्यामुळे हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं रीतसर वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली अमेरिकेत केलं. तिकडे ते खरंच असेल. पुण्यात डिसेंबर म्हणजे उन्हाची चैन, आणि वर्षातला सगळ्यात मोठा, सव्वातेरा तासांचा दिवस आपल्याला जूनमध्ये मिळतो, बहुतेकदा ढगाखाली. एवढं मोठं ताट वाढून वर झाकण ठेवण्याचा हा प्रकार मला कधीच समजलेला नाही.

फोटोग्राफीचं वेड या उन्हापायीच लागलं, आणि तेही सूर्यग्रहणाच्या दिवशी. 15 जानेवारी 2010. कन्याकुमारीकडे कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. दुपारी मी जंगली महाराज रस्त्यावरून चालले होते. लोक वर बघायचे चष्मे एकमेकांना देत होते, आणि माझं लक्ष गेलं फुटपाथवर. झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीचे झाले होते. शेकडो कोरी, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, कोणाच्या चपलेवर, कोणाच्या भाजीच्या पिशवीवर. दोन पानांमधली बारीक फट सुईने पाडलेल्या भोकासारखं काम करते आणि सूर्याचं चित्र खाली पाडते. म्हणजे एरवी जे गोल कवडसे आपण तुडवत जातो, तेही सूर्याचेच फोटो. ते रोज पडत होते आणि इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं, याचा रागच आला. त्याच महिन्यात एक जुना कॅमेरा घेतला.

कॅमेऱ्याने पहिली गोष्ट शिकवली ती ही, की जास्त ऊन म्हणजे चांगलं ऊन नव्हे. निरभ्र दुपारी तर उजेड मोजणारा मीटरही बघावा लागत नाही. अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, एफ 16; आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 100 ला शटर साधारण 1/100 सेकंद, फोटो आला. पुण्यात काय आणि पॅरिसमध्ये काय, आकडे तेच. म्हणूनच ते ऊन कंटाळवाणं. सकाळचं ऊन मात्र ज्या त्या गावचं असतं. तिरपं येताना ते हवेचा जाड थर कापत येतं, निळा रंग वाटेतच विखुरतो, उरलेला तांबूसपणा गावातली धूळ-धूर अंगाला लावून घेत खाली उतरतो. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. त्यानंतरच्या तासाभरात पेठेतली कोणतीही पोपडे आलेली भिंत राजघराण्यातली दिसते.

मध्यान्हीचीही एक गंमत आहेच. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि पुणं चौऱ्याहत्तरच्या अलीकडे, त्यामुळे इथला सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढेमागे. मेच्या मध्याला तो अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली तिच्याच बुडाखाली नाहीशी होते. फोटो म्हणून अगदी सपक, पण मी दरवर्षी काढते. असा दिवस जुलैच्या शेवटी पुन्हा येतो. पुणेकरांना तो सहसा दिसत नाही. का, ते वर आलंच आहे.

माझी आवडती जागा पाताळेश्वर लेणं. शिवाजीनगरच्या गजबजाटात जमिनीच्या पातळीखाली कोरलेलं, काळ्या बसाल्टचं. गोल नंदीमंडप उघड्यावर, उन्हात; आतले खांब अंधारात. दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत. मंडप साधला तर लेणं काळं ठिक्कर, लेणं साधलं तर मंडप पांढराफटक. हल्लीचे फोन फार समजूतदार झालेत, दोन्हीकडे थोडं थोडं उजळून देतात. मला ते आवडत नाही. तिथे जाऊन काहीतरी सोडावं लागतं, त्यातच मजा आहे. काळा दगड उजेड पिऊन टाकतो, आणि त्यातून एखादी कड उजळली की मी दिवसभर खूश असते. फोटो बरा आला नाही तरी. खरं म्हणजे फोटो हे निमित्तच, त्या वेळी बाहेर असायचं निमित्त. स्कूटरवर डोळे सोडून सगळं झाकलेल्या मुली शेजारून जातात आणि ही बाई उन्हात कशाला उभी, म्हणून बघतात.

सध्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. कार्पेट एरिया, पार्किंग, कॉर्पस फंड, भाडं, सगळ्यावर तीन-तीनदा भांडून झालं. परवाच्या मीटिंगला नकाशा टेबलावर पसरला होता. मी विचारलं, सकाळचं ऊन कुठल्या बाजूला येईल? बिल्डरच्या माणसाने नकाशा एकदा उलटा, एकदा सुलटा करून पाहिला. शेवटी सेक्रेटरी काकाच म्हणाले, "अहो, समोर पण टॉवरच होतोय. ऊन पाहिजे तर दहाव्याच्या वर घ्या. फ्लोअर राइज पडेल, वरच्या मजल्याचे जादा पैसे, चौरस फुटामागे."

मी म्हटलं, "बघू."