वाखरीचा मुक्काम

अण्णांची बायपास सोमवारी होणार होती, ती शुक्रवारवर गेली. छातीत कळ आली त्या रात्री तातडीने दिलेल्या गोळ्यांमध्ये क्लोपिडोग्रेल होती. ती रक्ताची गुठळी होऊ देत नाही, म्हणून त्या वेळी गरजेचीच होती. पण तिचा असर उतरायला साधारण पाच दिवस लागतात. त्याआधी छाती उघडली तर रक्तस्राव आवरणं अवघड जातं. सर्जननी कागदावर हृदय काढून तीन ब्लॉकेज दाखवले आणि हे सगळं नीट समजावलं. डोक्याला पटलं, जिवाला पटत नव्हतं. तोवर काही झालं तर?

अण्णा मात्र खाटेवर बसून तीन छोटे चेंडू असलेल्या त्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढण्याचा सराव करत होते. ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट उघडावीत म्हणून सिस्टर तो आधीपासूनच करून घेतात. मी विचारलं, "अण्णा, भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण वाखरीला काय करतो आपण?"

आमचं घर वारकऱ्यांचं. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत वाखरीला येते. तिथून पंढरपूर अगदी हाकेवर. पायाला फोड आलेले असतात, कळसाची ओढ लागलेली असते, तरी एकट्यानं पुढं पळायचं नसतं. सगळ्या संतांच्या पालख्या तिथं जमतात, मुक्काम होतो, भजन होतं, मगच पुढचं पाऊल. तो मुक्कामही वारीच आहे, असं अण्णा लहानपणापासून सांगत आलेत. वॉर्डात ते पुन्हा ऐकलं आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

आत्या म्हणाली, पंढरपूरला जाऊन नवस बोलून ये. मी गेले नाही. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता म्हणून त्यानं दारात आलेल्या देवाला वीट दिली आणि थांब म्हणाला. तो अजून थांबलाय. मी अण्णांचे पाय चेपते, लघवी मोजून वहीत लिहिते, रात्री बाकावर बसून 'राम कृष्ण हरी' म्हणत राहते. शेजारच्या खाटेचा मॉनिटर वाजला की पोटात गोळा येतो. मन थेट शुक्रवारच्या ऑपरेशन थिएटरात जाऊन पोचतं. मग पुन्हा नाम. विठ्ठलाकडे मागणंही मागते, अगदी हट्टानं मागते. माझे वडील मला परत हवेत.

आज सिस्टर म्हणाल्या, गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागेल. दादाचा चेहरा पडला. एकदा घातलेली माळ आमच्यात जन्मभर उतरवत नाहीत. अण्णांनी स्वतःच ती काढली, डोळ्यांना लावली आणि आईच्या हातात दिली. "छातीवरच काम आहे त्यांचं. माळ मधे कशी चालेल? नाम कुठं कोण काढून घेतंय?" आईनं ती लगेच आपल्या गळ्यात घातली.

उद्या सकाळी अण्णांचा पहिला नंबर आहे. रक्त द्यायला दिंडीतली दोन मुलं आज दुपारच्या एसटीनं येतायत. त्यांना स्टँडवरून आणायचंय, आधी पोटभर जेवायला घालायचंय आणि मग ब्लड बँकेत न्यायचंय.