गांधी मैदानातला चिखल

शाळेच्या जुबिलीच्या स्मरणिकेसाठी ‘दोन पानं लिहून पाठव’ असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला घराबाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. हातमोजे काढून लगेच ‘हो’ टाकलं. प्रार्थना, बाकं, पाण्याची टाकी, मधल्या सुट्टीतला वडा यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मी फक्त सरांवर लिहिणार आहे. कोणते सर, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. शिट्टीवाले.

सर भूगोल शिकवायचे असं वेळापत्रकात लिहिलेलं असायचं. सकाळी सहाला सायकलच्या कॅरियरला जाळीतले चार चेंडू बांधून ते मैदानावर हजर. हँडलला भिजवलेल्या हरभऱ्यांचा डबा. उशिरा येणाऱ्याला हरभरे कमी. स्टडचे बूट शाळेकडे तीनच जोड होते, ते कुणाला द्यायचे हे सर त्या दिवशीच्या पावसावर ठरवायचे. बाकीचे कॅनव्हासवर नाहीतर अनवाणी. कोल्हापुरात पेठेतल्या पोराला फुटबॉल शिकवावा लागत नाही म्हणतात, तालमीच्या टीमच्या मॅचला बापाच्या खांद्यावर बसूनच तो मोठा होतो. पण थांबायचं कुठं, हे मला सरांनी शिकवलं. म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला.

1993 सालची आंतरशालेय फायनल आमच्या बॅचच्या कुणीही विसरलेली नसेल. ऐन श्रावण, गांधी मैदान, आणि समोर ‘ती’ शाळा. (नाव लिहीत नाही, संपादकांनी काटण्यापेक्षा मीच काटतो.) त्यांचे मास्तर आपल्याच सरांचे विद्यार्थी. त्यांनी सरांच्या हाताखाली हरभरे खाल्ले, बॅकला खेळले आणि पुढं नोकरी धरली ती नेमकी त्या शाळेत. आम्हाला हे फितुरीसारखं वाटायचं. सर मात्र त्यांचा विषय निघाला की हसायचे.

मी राइट बॅक. मॅच संपायला पाचेक मिनिटं असतील. गोलकीपरनं माझ्याकडं चेंडू सरकवला. आमच्या दोघांच्या मध्ये एक डबकं होतं, हे मला अर्धा तास माहीत होतं. तरी मी चेंडू येईल म्हणून उभा राहिलो. चेंडू डबक्यात शिरला आणि पचकन थांबला. चामड्याचा चेंडू, पाणी पिऊन भोपळ्यासारखा जड झालेला. त्यांचा फॉरवर्ड धावत आला, त्यानं तो चिखलासकट उचलून मारला. एक-शून्य. “चेंडूची वाट बघायची नसते रं, त्याच्याकडं जायचं असतं,” हे सर रोज सकाळी सांगायचे. त्या दिवशी नाही बोलले.

शिट्टी झाली तशी ते मास्तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून आले आणि सरांच्या पाया पडले. सरांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. “दोन्ही बॅक मागं खेचलेस, बरं केलंस,” म्हणाले. आम्ही हरलोय आणि आमचे सर त्यांची पाठ थोपटताहेत! मग आम्हाला म्हणाले, “हात मिळवा.” सगळ्यांनी मिळवले. ते मास्तर माझ्यासमोर आले, त्यांनी हात पुढं केला, आणि मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. चिखलाचे आहेत म्हणून. त्यांचेही चिखलाचेच होते.

सरांनी बघितलं. काही बोलले नाहीत. नंतर दोन्ही टीमना गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेऊन स्वतःच्या खिशातून धारोष्ण दूध पाजलं. मी प्यालो नाही. निघताना त्यांनी तो चेंडू माझ्या हातात दिला. “धुऊन, वाळवून, तेल लावून आण.” आईनं तो स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. चार दिवस जिन्याखाली वाळत होता, शिवणीतून माती निघता निघेना.

आता हे बर्फाच्या देशातून का सांगतोय, तर 2004 मध्ये नोकरीनिमित्त इथं आलो आणि पहिल्याच वर्षी शेजारच्या म्हाताऱ्यानं मला मिशिगन विद्यापीठाची मॅच बघायला नेलं. इथला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात धरून पळणं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं गेलात तर आणखी चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याचा. मी मनातल्या मनात नाकं मुरडत गेलो. स्टेडियम बाहेरून बैठं दिसतं, आत शिरलं की विहिरीत डोकावल्यासारखं. 1927 मध्ये जमिनीत खोदून बांधलेलं. आज तिथं 1,07,601 माणसं बसतात. हा वरचा एक काय, म्हणून विचारलं तर म्हातारा म्हणाला, ती फ्रिट्झ क्रिसलरची खुर्ची. जुने कोच. त्यांच्या मानाची एक जागा आकड्यात धरलेली असते, कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. मला सरांची आठवण आली, ती तिथं पहिल्यांदा.

आणि वैर! शेजारच्या ओहायो राज्यातल्या, कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी. दोन्ही गावांत तीनेक तासांचं अंतर. राज्यांचं भांडण त्याहून जुनं, 1835 मध्ये टोलेडोच्या पट्ट्यावरून दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन उभे होते. सीमावाद आपल्याला काय नवीन सांगायचा. पहिली मॅच 1897 ची, मिशिगन 34-0. 1918 पासून दरवर्षीच होते म्हटलं तरी चालेल. मॅचच्या आठवड्यात कोलंबसला विद्यापीठाच्या पाट्यांवरचं प्रत्येक ‘एम’ अक्षर लाल पट्टीनं खोडतात. फुटबॉलवरून एकमेकांशी वैर धरणाऱ्या आपल्या शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेनं अजून बाराखडीवर हात टाकलेला नाही.

1950 ची मॅच कोलंबसला हिमवादळात झाली. मिशिगननं पूर्ण मॅचमध्ये एकदाही दहा यार्डांची मजल मारली नाही, 24 वेळा चेंडू नुसता लाथेनं लांब धाडला, आणि 9-3 नं जिंकली. हे ऐकून मला गांधी मैदान डोळ्यांसमोर आलं. चिखलात चेंडू जवळ ठेवायचाच नसतो! सर हेच बोंबलून सांगत होते.

पण मला खरं गाठलं ते 1969 नं. ओहायो स्टेटचे कोच वुडी हेज. सलग 22 मॅच जिंकून आलेली टीम, आदल्या वर्षी याच मिशिगनला 50-14 नं तुडवलेलं. मिशिगनकडं नवा कोच, बो शेम्बेक्लर. हा हेजच्याच हाताखाली खेळलेला, पुढं त्यांचा सहायक म्हणून राबलेला. चेल्यानं गुरूला 24-12 नं आडवं केलं. ती मॅच धरून 1978 पर्यंत दहा वर्षं दोघे समोरासमोर. चेला पाच, गुरू चार, एक बरोबरी. ती बरोबरी 1973 ची, 10-10. रोझ बोलला, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या मॅचला, कोण जाणार ते मतदानानं ठरवलं आणि मत पडलं ओहायोच्या पारड्यात. म्हातारा ते सांगताना अजून थरथरायचा.

हेजना 1978 च्या अखेरीस समोरच्या टीमच्या खेळाडूला गुद्दा मारल्याबद्दल काढून टाकलं. एवढा मोठा कोच. आपल्या सरांनी रागाच्या भरात शिट्टीसुद्धा जोरात वाजवली नाही. बो 2006 मध्ये गेले, ओहायोच्या मॅचच्या आदल्या दिवशी. त्या वेळी मी इथंच होतो. दुसऱ्या दिवशी मिशिगन 42-39 नं हरली. म्हाताऱ्याच्या अंगणातला झेंडा त्यानं उतरवला नाही.

माझी मुलगी आता त्याच विद्यापीठात शिकते, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. मी शनिवारी इथल्या पोरांना आपला, पायाचा फुटबॉल शिकवतो. हरभरे नेऊन बघितले, कुणी खात नाही.

दोन वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा शाळेच्या मैदानाच्या अर्ध्या भागावर पेव्हिंग ब्लॉक बसवून पार्किंग केलेलं दिसलं. उरलेल्या भागात पोरं खेळतात म्हणे, गाड्यांना चेंडू लागू नये म्हणून हळू. जुबिलीच्या अंकात तक्रार नको, पण विद्यार्थी आहे, एवढा हक्क आहे.

समारंभाला मी येतोय, तिकीट काढलंय. सरांनी ऐंशी ओलांडली, तरी जिना चढतात असं कळलं. मंडपात पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची असणारच. तिच्या शेजारी अजून एक ठेवा, आणि ‘त्या’ शाळेच्या मास्तरांना निमंत्रण पाठवा. पत्ता सरांकडं मिळेल. मला त्यांच्याशी हात मिळवायचा राहिलाय.